दोन पट्ट्यांचा कुत्रा

सीमेवरच्या दवाखान्यात, पोटरीला बँडेज बांधून, शिक्षिकाबाई इंजेक्शनची वाट बघत बसल्या होत्या. दाराशी जनावरांचे दोन डॉक्टर, एक अलीकडच्या देशाचा नि एक पलीकडचा, हमरीतुमरीवर आले होते.

“बाईंना चावलेला कुत्रा आमचा.”

“वा रे वा! गळ्यातला निळा पट्टा आमचा आहे.”

“त्याच्याखालचा लाल बघा की. तो आमचा!”

“अहो, झोपतो आमच्या पुलाखाली.”

“आणि खातो कोणाचं?”

बाईंचा जीव टांगणीला लागला. “ते मरू दे. त्याला रेबीजची लस कोणी टोचलीय?”

“आम्ही!” दोघं एकदमच ओरडले.

“दोघांनीही?”

“म्हणून तर दोन पट्टे! लसीची मोहीम एकत्र काढल्यापासून दोन्हीकडे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, बाई.”

“मग भांडता कशाला? चावलाय मला. कुत्रा माझा!”