वरचा सा कोण दाबणार?

मंडळी, कळलं तेव्हा माझ्या गळ्यात हार होता.

आंबवलीच्या देवळात कीर्तनाचा पूर्वरंग आटोपला होता. बुक्का लावून झाला, हार घातला, आता उत्तररंगाची गोष्ट सुरू करायची. तेवढ्यात ट्रस्टी जवळ आले आणि कानात म्हणाले, "बुवा, मुलीचा फोन आहे. वहिनी गेल्या." बारीक ताप होता, म्हणून आमची कुमुदिनी तेव्हा मुलीकडे साताऱ्याला राहिली होती. मी हार काढला आणि निघालो. गोष्ट तिथेच राहिली.

आता ऐका, प्रश्न विचारतो. आपलं माणूस कोण? सांगू तसं वागणारं, की चुकलो तर थांबवणारं? – लगेच माना डोलावू नका. आधी गोष्ट ऐका.

कुमुदिनी माझ्या मागे डावीकडे पेटीवर बसायची. माझी सवय तुम्ही जाणता. रामाचं सांगता सांगता मी रेशनच्या दुकानात पोचतो! तिथे रमलो की ती पेटीचा वरचा सा दाबून धरायची. मी बोलतोय आणि सा वाजतोय. लोक हसायचे, मी मुकाट रामाकडे परत. घरी म्हणायचो, "अगं, चार लोकांत?" ती म्हणायची, "घरी दाबून काय उपयोग? घरी तुम्ही ऐकता कुठे?"

ती गेल्यावर मी कीर्तन बंद केलं. तेव्हा मुलगी, शलाका, मला पुण्याला एका प्रदर्शनात घेऊन गेली. तिथे भिंतीएवढा पडदा. पडद्यावर कोट घातलेले वादक, हातात व्हायोलिनं, कर्णे. समोर तिथलीच एक कामावरची मुलगी उभी. तिने माझ्या हातात कांडी दिली.

"आजोबा, हलवा. तुमच्या हाताप्रमाणे ते वाजवतील."

हलवली. वाजायला लागले! हात जोरात फिरवला, तर बिचारे धावत सुटले. हळू केला, तर लग्नात जेवून उठलेल्या पाहुण्यांसारखे रेंगाळले. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? मग सवयीने हात थांबवला आणि मागच्या रांगेतल्या लोकांना गोष्ट सांगायला लागलो. वादकही थांबले. सगळे माझ्याकडे बघत उभे. मी रामावरून निघालो, रेशनवर आलो, गॅसच्या सिलिंडरवर गेलो – कुणी हूं की चूं केलं नाही.

बोलता बोलता मी मागे डावीकडे वळून बघितलं. तिथे कचऱ्याचा डबा होता.

शलाका हळूच म्हणाली, "बाबा, आईने एव्हाना सा दाबला असता."

मी त्या कांडी देणाऱ्या मुलीला विचारलं, "माझं चुकलं, तर हे सांगत नाहीत का?"

"नाही आजोबा."

"मग चुकलो हे मला कळणार कसं?"

ती म्हणाली, "कळायचं कशाला? इथून सगळे खूश होऊनच जातात."

यंत्र चांगलं आहे, मंडळी. यंत्राला मी नावं ठेवत नाही. सांगितलं ते त्याने केलं. पण कांडी खाली ठेवताना मला समजलं, की इतकी वर्षं हात माझा हलत होता आणि कीर्तन ती सांभाळत होती. तिने सांभाळलेलं बंद पडू नये, म्हणून पुन्हा कीर्तनाला उभा राहिलो.

आज पेटीवर श्रीपादराव आहेत. हात गोड आहे. मी त्यांना सांगितलंय, लांबलो तर सा दाबा. ते म्हणतात, "बुवा, तुमच्यासमोर मी कसा धजावू?" बघा! नम्र माणूस, पण माझी पंचाईत.

तुमच्या घरी तुमचं बोलणं मधेच तोडणारं कुणी असेल. बायको असेल, सून असेल, म्हातारी आई असेल. तुम्ही म्हणता, हिला मेलीला मधे बोलायची खोड. आज घरी गेल्यावर तिचं बोलणं पुरं होऊ द्या. सगळी तुमच्या हाताबरहुकूम वाजायला लागली, तर तुम्ही कुठे भरकटलात हे कोण सांगेल?

आंबवलीचे लोक मध्यंतरी येऊन गेले. म्हणाले, "बुवा, आमची गोष्ट राहिली आहे." ती मला पाठ आहे. अजून मी तिथे गेलेलो नाही.