ठकूबाईच्या भिंतीवरचं नाव

मंडळी, आधी एक विचारतो. खरं सांगा, वर देव आहे आणि शेजारी बायको आहे. मुलांनी आपलं ऐकावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

माना हलल्या. हलवा, मान हलवायला काही पडत नाही. पण ऐकावं म्हणजे किती? खोटं बोलू नको, हे आपण सांगायचं. आणि दारात वर्गणीवाले उभे राहिले की बाबा घरात नाहीत असं सांग, हेही आपणच सांगायचं. पोरानं ह्यातलं कुठलं ऐकायचं? — तिसऱ्या रांगेत कोण हसलं? हसू नका. वर्गणीला मीच आलो होतो.

तर प्रश्न असा. आपण शिकवलेला धडा पोरांनी खरा मानला, आणि उचलून आपल्याच वाटेत आडवा टाकला — तर शाबासकी द्यायची की छडी? ऐका. ही वेळ हसाजी मास्तरांवर आली होती.

अष्टागरातलं एक गाव. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि भांडखोर आहेत. माडांच्या बागा, मधे आपली, ज्यू लोकांची, इस्रायल आळी, आळीच्या टोकाला सिनेगॉग. आपल्या लोकांचे तेलाचे घाणे तेव्हा बंद पडत चालले होते, तरी गाव आपल्याला शनवार तेलीच म्हणायचं — शनिवारी घाणा न जुंपणारे तेली. सिनेगॉगच्या ओटीवर हसाजी मास्तर शाळा चालवायचे. सकाळी मराठी आणि गणित, दुपारी हिब्रू आणि धर्म. पावसाळ्यात ओटीवर झड यायची. पाट्या भिजायच्या, पोरं खोकायची, आणि मास्तरांचा आवाज पागोळ्यांच्या आवाजात बुडून जायचा. मास्तरांचं मागणं एवढंच की मुलांसाठी एक बंद खोली हवी. मागता मागता त्यांचे केस पांढरे झाले.

आणि खोली मिळाली! म्हणजे, मिळायच्या बेतात आली. मुंबईच्या एका डॉक्टरांनी आपल्या आईच्या नावानं ती बांधून द्यायचं कबूल केलं. रविवारी पायाभरणी, आणि पुढे दारावर आईच्या नावाची संगमरवरी पाटी. मी नावं ठेवत नाही हं. नावाची हौस कुणाला नसते? बाहेरच्या फळ्यावर कीर्तनकार म्हणून माझं नाव एवढं मोठं का लिहिलंय, ते सेक्रेटरींना विचारा. मीच पुसायला लावून पुन्हा लिहून घेतलं.

आता जागा कुठली? तर सिनेगॉगच्या आवारात, विहिरीपलीकडची. मोकळी जागा. मोकळी म्हणजे — तिथं ठकूबाई राहत होती.

ठकूबाई आपल्यातली नव्हे, आगरी. तिचा नवरा आवारातली विहीर उपसायचा, माडांना पाणी द्यायचा. तो गेला आणि ती तिथंच राहिली. मातीच्या भिंती, वर झावळ्या. शाळेतल्या पोरांना चिंचा-आवळे विकायची. बोलणं तिच्या आवळ्यांहून आंबट. पोरांना ती फार आवडायची. का, ते पोरांना विचारा, मोठ्या माणसांना असलं कळत नाही.

तिला जागा सोडायला सांगितलं इलोजी मुकादमांनी. मुकादम म्हणजे आळीचे कारभारी. वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ मांडणी केली: जमेला गावभरची पोरं, खर्ची एक म्हातारी. बरोबर आहे की नाही? तुमच्या-माझ्या कमिटीनं हेच केलं असतं, आणि वर चहा मागवला असता.

आणि मास्तर? मुकादमांनी त्यांनाही विचारलं होतं. मास्तर म्हणाले, तिची भाची आहे म्हणे चौलला. म्हणे! भाची आहे का, असली तर ठेवून घेईल का, ह्याची चौकशी मास्तरांनी केली नाही, कारण उत्तर काय येईल ह्याची त्यांना धास्ती होती. त्या दिवसापासून विहिरीवर जाताना मास्तर ठकूबाईच्या दारावरून जाईनात. मागून, निवडुंगाच्या कुंपणाकडून वळसा घालून जायचे. धोतर फाटलं एकदा काट्यांत. तरी वळसाच.

आता धडा. थोड्याच दिवसांपूर्वी मास्तर मुलांना आपल्या कबरस्तानात घेऊन गेले होते. प्रार्थनेच्या जुन्या, फाटलेल्या पोथ्या आपण रद्दीत घालत नाही, माणसासारख्या मातीत ठेवतो. का ठेवतो? तर त्यात देवाचं चार अक्षरी नाव लिहिलेलं असतं. ते एकदा लिहिलं की पुसायचं नाही, फाडायचं नाही. म्हणून तर मास्तर पाटीवर ते नाव कुणाला पुरतं लिहू देत नसत. पाटी पुसावी लागते. त्या दिवशी मिलका नावाच्या पोरीनं विचारलं की नाव नुसतं कागदावरचंच का? भांड्यावर लिहिलं तर? दगडावर? मास्तर खूश झाले. असा प्रश्न यावा म्हणून तर मास्तर जन्म घालवतो. म्हणाले, कशावरही लिहा, ते नाव मोडायचं नाही.

झालं. घरी गेले, शांत झोपले.

शुक्रवारी सकाळी गवंडी पहारी घेऊन आले. मुकादमांना घाई. सूर्य बुडाला की शब्बाथ लागणार, शनिवारी काम बंद, आणि रविवारी डॉक्टर दारात. गवंड्यानं पहार उगारली — आणि मुकादम असे ओरडले की त्याला वाटलं पायाखाली नाग निघाला. भिंतीवर चुन्यानं, बोटानं लिहिलेली हातभर उंचीची चार अक्षरं. देवाचं नाव. पुरतं.

पहार तशीच वर. गवंडी बिचारा विचारतोय, मारू की नको? सांगा, कुणी काय सांगावं त्याला?

मास्तरांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी भिंत पाहिली. पोरं माडांआड दबून उभी. मिलका मात्र पुढ्यातच. बोटाला चुना, आणि तो लपवण्याचीही तिला गरज वाटली नव्हती. भिंतीवरून नजर न काढता मुकादम संतापले. देवाच्या नावाशी खेळ करणारं पोर शाळेत राहणार नाही, म्हणाले. नाव सांगा त्याचं.

मास्तरांनी एकवार मिलकाकडे पाहिलं. "धडा माझा आहे, मुकादम," ते म्हणाले. "अक्षर कुणाचं का असेना."

मग वाद पेटला. अर्धी आळी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. भिंत पाडावी तर देवाचा अपमान, न पाडावी तर डॉक्टरांचा. दोन्ही मोठी माणसं! ह्या वादात दुपार टळली, सावल्या लांबल्या, चुलीवरचा शब्बाथचा स्वयंपाक तसाच राहिला. आणि मुकादमांना तोड सापडली. भांड्यावर नाव असलं तर तेवढाच तुकडा कापून पुरतात, उरलेलं भांडं मोकळं होतं. मग भिंतीचं तेवढंच लिंपण कापून काढा, मातीत ठेवा, आणि उरलेली भिंत पाडा. नियमात बसतं? बसतं की! आपण माणसं नियमात बसवण्यात फार पटाईत. कापणार कोण? मास्तर. त्यांच्या हातात छिन्नी आली.

मंडळी, त्या माणसाच्या जागी उभे राहा क्षणभर. छिन्नी भिंतीला टेकलेली आहे. डोळ्यांपुढे ती खोली आहे — दार, खिडकी, कोरड्या पाट्या, पावसातही ऐकू येणारा आपला आवाज. चार ठोके मारले की खोली आपली. आणि पाठीमागे मिलका. रडत नाही, ओरडत नाही. गणित घातलं की उत्तराची वाट पाहावी, तशी पाहतेय. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. त्यांनी हातोडी उचलली.

तेवढ्यात दार उघडलं. ठकूबाई बाहेर आली. तिचं बोचकं उंबऱ्यात बांधून ठेवलेलं, आणि हातात शेणाची पाटी. जाण्यापूर्वी ती घर सारवायला निघाली होती. पाडायचं घर! पण दुसऱ्याच्या हवाली करायचं तर घाण ठेवून कसं जायचं, हा तिचा हिशेब. तिला आधी आठवला तिचा चुना. पानाच्या डबीतला सगळा चुना कुणी लांबवला, आणि भिंतीवर रेघोट्या कुणी ओढल्या, असं विचारत तिनं शेणाचा हात भरला आणि सरळ त्या अक्षरांवर नेला.

आळी ओरडली! बायका ओरडल्या, पुरुष ओरडले, आणि सगळे ओरडतायत म्हणून गवंडीही ओरडला. इलोजी मुकादम धावले आणि त्यांनी हात आडवा घातला. शेण बसलं ते त्यांच्या शब्बाथच्या धुतलेल्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत.

ठकूबाईनं विचारलं, काय लिवलंय एवढं? मास्तरांनी खाली बघत सांगितलं, देवाचं नाव.

तिनं भिंतीकडे पाहिलं, मग त्या बाहीकडे. आवाज चढवला नाही.

"सकाळपास्नं पहार उगारलीया. आत मी होते. कुनाचा हात आडवा आला नाही." मग ती मिलकाकडे वळली. "पोरी, चुना उरलाय का गं बोटाला? माज्या कपाळावर लिव."

मिलका पुढे झाली. आणि थबकली. मागे वळून तिनं विचारलं, कारण विचारल्याशिवाय ती काही करत नसे:

"मास्तर, माणसावर लिहिलं तर चालतं?"

हातोडी अजून मास्तरांच्या हातात वर होती. ती सावकाश खाली आली.

"माणसावर लिहावं लागत नाही," मास्तर म्हणाले. "देवानं माणूस आपल्या प्रतिमेचा घडवला, हे आपल्या धर्मग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे. तुमच्याकडून मी ते पाठ करून घेतो दरसाल." ते मुलांकडे वळले. "वाचता मलाच आलं नाही."

छिन्नी त्यांनी जमिनीवर ठेवली. मुकादमांनी विचारलं, मग खोली? मास्तर म्हणाले, ओटी आहे. डॉक्टर पुन्हा विचारणार नाहीत, समजतंय ना? समजतं, मास्तर म्हणाले, आणि ते खरंच समजत असल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मुकादमांनी आपल्या बाहीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बेरीज-वजाबाकी न करता हात पुढे केला होता, आणि तो कुणासाठी केला, हे आता सगळी आळी विचारत होती. सूर्य माडांच्या मागे गेला होता. त्यांनी गवंड्याला हातानंच जा म्हणून खुणावलं, आणि ठकूबाईला दोनच शब्द म्हणाले: "बोचकं सोड."

गोड शेवट हवाय तुम्हाला? नाही. डॉक्टरांनी खोली दुसऱ्या गावाला दिली. मी पाहिली आहे ती. हवेशीर आहे, पाटी झकास चमकते. हसाजी मास्तर मात्र ओटीवरच शिकवत राहिले, पावसाळ्यात गोणपाटाचे पडदे बांधून, खोकत. आणि मिलकाला काय दिलं, शाबासकी की छडी? दोन्ही दिलं. न विचारता घेतला म्हणून ठकूबाईचा चुना भरून द्यायला लावला. आणि रविवारी लहान पोरांसमोर उभं करून म्हणाले, पोथ्या मातीत का ठेवतात तो धडा आज तू घे. मी मागे बसून ऐकतो.

आता तुमच्याकडे वळतो. सुटलो असं वाटलं होतं ना?

ह्या हॉलच्या मागच्या जिन्याखाली एक माणूस राहतो. आत येताना तुम्ही तुमच्या छत्र्या त्याच्याच हातात दिल्यात. पुढल्या महिन्यात तो जिना तोडून तिथं लिफ्ट बसणार आहे, फार चांगलं आहे, माझेही गुडघे दुखतात. आल्या आल्या मी त्याच्याजवळ बसलो, पाणी प्यालो, त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगितलं. तो आकडा मी तुम्हाला सांगत नाही, जेवण जाणार नाही तुम्हाला.

पेटीवाले, हात उचला. झांजा खाली ठेवा. आता आपल्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं गाणं व्हायचं आणि मग गोड पोह्यांचा मलिदा. वास मलाही येतोय. पण त्या जिन्याखालच्या माणसाचं नाव तुमच्यापैकी कुणीतरी मोठ्यानं सांगेपर्यंत मी सूर लावणार नाही.

सांगा. मी थांबलोय.

...

ठाऊक नाही? मग उठा, जिन्यापर्यंत जा, आणि विचारून या. मलिदा कुठं पळून जात नाही.