खिडकीजवळचं टेबल

— बस रे, बस, उठू नकोस, तुझी खुर्ची घेऊन मी काय करू? दारावर कोण कुठे बसणार त्या नावांची यादी लावलीय, ती वाचली आणि तडक तुझ्याकडे आले. अकरा वर्षं ह्या कंपनीत काढली, आज पाया लेबार भागातल्या नव्या ऑफिसचा पहिला दिवस, आणि ह्या स्मिताला टेबल नाही — आहे की नाही गंमत? इथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवायच्या टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट ठेवलं तरी कोणी ती जागा घेत नाही, आणि इथे ऑफिसचा सगळा नकाशा जिने काढला तिलाच जागा नाही! कशामुळे? तुझ्या एका बोटामुळे, वरुण. नाही, रागावले नाहीये. पुण्याहून ह्या परक्या देशात येऊन तीन आठवडे झालेत तुला, शिकवायला नको का कोणी?

नीट ऐक. कॉम्प्युटरवरच्या नकाशात टेबल, खुर्ची, कपाट — सगळं निवडायचं, कंट्रोल-जी दाबायचं, झाला ग्रुप. मग एक हलवलं की सगळं हलतं आणि एक पुसलं की सगळं जातं. म्हणून आधी ग्रुप सोडवायचा, मग नको ते काढायचं. माझी इरा शाळेच्या पोस्टरवर करते हे, वर इथल्या पोरांसारखं मलाच ऐकवते, ‘सो ईझी ला, आई!’ आणि तुम्ही डिग्र्या मिरवणारे! सरांनी तुला प्रिंटर काढायला सांगितलं असणार — तू धरलास प्रिंटर, दाबलंस डिलीट, त्याच्याबरोबर माझं टेबलही गेलं, आणि नकाशात नाही ते इथे मांडलंच नाही कोणी.

प्रिंटर माझ्या ग्रुपमध्ये कसा? हां — ते मीच केलं होतं. कोणाला बोलू नकोस. खिडकीची जागा, सरांच्या केबिनसमोरची — जो तो येऊन माझं टेबल सरकवून बघायचा. मग दिलं बांधून त्या धिप्पाड प्रिंटरशी! टेबल ओढलं की प्रिंटर निघतो, वायरिंग बदलावं लागतं, कोण नादाला लागतंय? वल्लरीने दोनदा ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. तिला मी नकाशात पॅन्ट्रीच्या दाराशी नेऊन ठेवलं, बसू दे मायक्रोवेव्हचे वास घेत. तिला काय, पी.आर. आहे, इथली कायमची रहिवासी, कुठेही बसली तरी चालतं. माझा इथे काम करायचा पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय, तो सरांच्या हातात. नाही झाला तर तीस दिवसांत क्लेमेंटीचा फ्लॅट, इराची शाळा, सगळं आवरून देश सोडा. म्हटलं, आपण आपलं नजरेसमोर असावं. समोर दिसणाऱ्या माणसाला सहसा काढत नाहीत रे.

मनोहर सर ना? केला फोन. हार्बरफ्रंटला क्लायंटकडे आहेत. म्हणाले, ‘आजचा दिवस अ‍ॅडजस्ट कर, चार वाजता भेटू.’ घाबरले असतील बिचारे! एरवी नाकाने कांदे सोलतात आणि सही करताना नकाशा बघितलासुद्धा नसेल. मीच धीर दिला, म्हटलं, वरुणकडून चूक झालीय, मी समजावते त्याला. घाईघाईने फोनच ठेवला त्यांनी.

काय? मोठ्याने बोल की. सोडवला होतास? आधी ग्रुप सोडवलास — आणि मग? टेबल आणि खुर्ची, तेवढंच? सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं तेवढंच? काहीतरी सांगू नकोस मला. कुठे? त्या खोक्यांपलीकडे?

आहे खरा. प्रिंटर आहे. वायर जोडलेली, कागदही भरलाय.

बरोबर केलंस हो. अगदी पद्धतशीर. मी उगाच तासभर — आणि मूर्खासारखी त्यांनाच धीर देत होते, बघ. नकाशात त्या टेबलावर नाव लिहिलं होतं ना माझं? वाचलंस तू? वाचलंस. सरांनी वाचून दाखवलं?

बरं. तू कर तुझं काम. नको, खुर्ची नको मला, सांगितलं ना एकदा. माझ्याकडे काय बघतोस? स्क्रीनकडे बघ.