फ्रीज कंपनीचा, लाईट माझी

…न्हाय, मी म्हणतो, कुठल्या मुहूर्तावर मी त्या कागदावर सही केली? बसा पावणं, बसा की, त्या बाकड्यावर बसा, एक खिळा वर आलाय तेवढा सांभाळा… तर तुम्हाला सांगतो, त्यो कोपऱ्यात उभा हाय न्हवं, तांबडाभडक, माझ्यापेक्षा हातभर उंच, दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी त्येला बघतंय आणि मग मला, त्यो फ्रीज! थंड पेयाच्या कंपनीनं दिला. फुकट दिला म्हणत्यात. फुकट! फ्रीज कंपनीचा, लाईट माझी… आणि ती बी असली तर!

आता तुम्ही म्हणाल, रुद्राप्पा, तुझं मीठ-मिरचीचं दुकान, तुला फ्रीज कशाला पायजे हुता? मला न्हवता पायजे ओ! आमच्या मंडळींना, मल्लव्वाला पायजे हुता. तिला शुगर निघाली. सरकारी दवाखान्यात घेऊन गेलतो. तिथं भिंतीवर ही एवढी मोठी पाटी, 'गोड टाळा, मधुमेह पळवा', आणि खाली बारीक अक्षरात 'सौजन्य'… कुणाचं सौजन्य म्हणता? ह्याच कंपनीचं! डॉक्टरीणबाई तशी भली बाई, पण बोलायची लई घाई. 'इन्सुलिन सुरू करा, सकाळ-संध्याकाळ, औषध फ्रीजमध्ये ठेवा, गरम झालं की वाया गेलं समजा, पुढचा पेशंट!' म्या म्हटलं, बाई, आमच्यात फ्रीज न्हाय. 'मग घ्या!' घ्या म्हणं! जशी काय कोथमिरीची पेंडी! आणि वाटंत मल्लव्वा एक शब्द बोलली न्हाय बघा. एरवी ही बाई दवाखान्यापासनं घरापर्यंत श्वास घ्यायला बी थांबत न्हाय. त्या दिवशी गप. तवा मला भ्या वाटलं. खरं सांगतो, लई भ्या वाटलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस दारात! प्रसेनजीत नाव, मुरगूडचा, शिकल्याला, गळ्यात टाय आणि पायात सगळ्या तालुक्याची धूळ. 'काका, फ्रीज ठेवता का? एक पैसा नको, फक्त आमच्या बाटल्या विकायच्या.' मला काय, देवच टाय लावून आल्यासारखा वाटला! सतरा पानांचा कागद, सगळा इंग्रजीत, म्या सतरा ठिकाणी सही ठोकली आणि मग इचारलं, काय लिवलंय रं ह्यात? तर म्हणतो, 'काही नाही काका, फ्रीजमध्ये कंपनीच्या मालाशिवाय दुसरं काहीही दिसता कामा नये, नाहीतर फ्रीज परत.' काहीही? 'काहीही.' आणि मल्लव्वाचं औषध? त्यो बिचारा टायच्या गाठीशी खेळत बसला. म्हणला, 'काका, मी काही ऐकलं नाही.' गुणी पोरगं!

बरं, औषध एवढंसं. मागं कोपऱ्यात ठेवलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण आमची गल्ली! आमच्यात फोन एकाच्या घरात आला की त्यो गल्लीचा, टीव्ही आला की त्यो गल्लीचा, आणि फ्रीज आला तर त्यो एकट्या रुद्राप्पाचा कसा राहील? पैल्या दिवशी समोरची धोंडुबाई ताकाची कळशी घेऊन हजर. 'भावजी, एवढं राहू दे, आंबट हुतंय.' दुसऱ्या दिवशी कुणाची भिजवल्याली डाळ, कुणाचं खवल्यालं खोबरं, कुणाच्या बारशाची फुलं… आणि न्हाय म्हणायचं? कोल्हापुरात? शेजाऱ्याला? मग राहायचं कुठं, पन्हाळ्यावर जाऊन? आठ दिवसांत कंपनीच्या बाटल्या मागं आणि गल्ली म्होरं! गिऱ्हाईक कोल्ड्रिंक मागायचं, म्या आधी डाळ बाजूला, मग फुलं बाजूला, मग कळशी सांभाळून… तवर त्येची तहान गेल्याली असायची.

त्यात ते लोडशेडिंग! सरकारनं पेपरात तक्ता छापला, ह्या पेठंत दोन ते पाच, त्या पेठंत सहा ते नऊ. शाळंचं टाईमटेबल बरं त्यापरीस, तिथं मधली सुट्टी तर असती! वीज ऑफिसात गेलो. साहेब, घरात इन्सुलिन हाय. 'अहो काका, वीज वाचवा, फ्रीज बंद ठेवा.' कंपनीला फोन लावला. साहेब, लाईट न्हाय, फ्रीज गरम पडतोय. पलीकडनं बाई गोड आवाजात, 'सर, आमचं पेय चार अंशाला असायला हवं, ती जबाबदारी तुमची आहे.' चार अंश! मे महिन्यात! आता तुम्हीच सांगा, मी फुंकर मारत बसू? फ्रीज कंपनीचा, लाईट माझी… आणि ती बी असली तर! दोन वाजले की मल्लव्वा औषध डब्यात घालून वल्ल्या फडक्यातल्या मडक्यात ठेवायची, आणि पाच वाजता परत फ्रीजात. पाळण्यातलं पोर हलवावं तसं.

आणि एका सोमवारी प्रसेनजीत धावत आला, तोंड पांढरंफटक. 'काका, उद्या पुण्याचे मोठे साहेब येणार. फ्रीज तपासणार. शुद्धता बघणार. एक वस्तू वेगळी दिसली तर फ्रीज उचलणार आणि माझी नोकरी पण!' शुद्धता! म्या म्हटलं, शुद्ध ताक हाय की! तर त्येच्या डोळ्यांत पाणी. त्येचं बी घर हाय, बायको साक्षी दोन जिवांची. मी डोसकं धरून बसलो. ताकाचं सोडा, मल्लव्वाचं औषध उन्हाळ्यात ठेवायचं कुठं? मडक्यावर दिवस काढायचे?

मल्लव्वा आतनं बाहेर आली, पदरानं हात पुसत. 'येन्री, अवो धनी, एवढ्यानं खाली बसलासा व्हय? कंपनीला आतलं कुठं बघायचंय? वरलं लेबल बघायचंय!'

संपलं! गल्ली कामाला लागली! रिकाम्या बाटल्या जमा झाल्या, बुडं कापली, डाळ एका बाटलीत, खोबरं एकीत. धोंडुबाईचं लसूण घातल्यालं ताक तेवढं न कापल्याल्या लिंबाच्या हिरव्या बाटलीत, वर कंपनीचं टोपण. मल्लव्वाचं औषध दोन लिटरच्या तांबड्या बाटलीच्या पोटात, लेबल म्होरं. सकाळी फ्रीज उघडला तर काय सांगू, रांगेत उभ्या बाटल्या, पोलीस भरतीसारख्या! प्रसेनजीत बघतच राहिला.

साहेब आलं. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, खांद्याला काळी पिशवी, ती काय खाली ठिवंनात. फ्रीज उघडला. वरनं खाली बघितलं, खालनं वर बघितलं. 'वा! काय शिस्त आहे! याला म्हणतात शुद्धता! प्रसेनजीत, फोटो काढा.' आणि फोटोसाठी म्हणून हात घातला आणि उचलली कुठली? हिरवी! धोंडुबाईची! प्रसेनजीतनं डोळं मिटलं. साहेबांनी टोपण काढलं, तोंड कसं केलं म्हणता, एरंडेल प्यायला लावल्यासारखं, कंपनीच्याच मालाला बरं का! आणि घेतला एक बारीक घोट…

थांबले.

म्या म्हटलं गेला फ्रीज, गेली नोकरी. साहेबांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग मान वर करून सगळी बाटली रिकामी! ओठ पुसलं आणि हळूच इचारलं, 'यात साखर नाही ना?'

तवर त्यांचा हात त्या तांबड्या बाटलीला लागला, ती हलकी लागली, उचलली, आणि कापल्याल्या बुडातनं मल्लव्वाचं औषध त्यांच्या तळहातावर. वाचलं. 'कुणाचं?'

'माजं,' मल्लव्वा म्हणली. 'न्यायचा तर फ्रीज न्या. पर त्या पोराला काय बोलू नगा.'

'किती युनिट?'

'सकाळी वीस, सांजंला बारा.'

साहेबांनी दाराकडं बघितलं, आवाज बारीक केला. 'माझं सकाळी चोवीस.' आणि ती काळी पिशवी उघडली. आत थर्मास, थर्मासात बर्फाचं झाल्यालं पाणी आणि त्यात तरंगतंय इन्सुलिन! 'बर्फ साताऱ्यातच वितळला हो. जरा तुमच्या फ्रीजमध्ये ठेवता का?' म्या म्हटलं, साहेब, फ्रीज तुमचाच हाय! ठेवा की! पर बाटलीत ठेवा, नियम हाय!

आणि दार लावलं तवर… दोन वाजले. लाईट गेली! साहेब घाबरून माझ्याकडं बघायला लागले. मल्लव्वा काय घाबरली न्हाय. दोघांचं औषध डब्यात घातलं आणि वल्ल्या मडक्यात ठेवलं. तीन तास साहेब ह्याच बाकड्यावर बसले, तुम्ही बसलाय तिथंच, त्यांना खिळ्याचं सांगायचं राहिलं… पण बोलले लई. घरात काय सोसतं, काय सोसत न्हाय. साहेब असला तरी माणूस चांगला. सांजंला लाईट आल्यावर अहवाल लिवला, 'फ्रीज अत्यंत शुद्ध.' प्रसेनजीत माझ्या पाया पडला, म्या त्येला मल्लव्वाच्या पाया पडायला लावलं.

इथं संपलं असतं तर मी तुमच्यापुढं रडलो असतो का ओ?

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. 'अभिनंदन! जिल्ह्यातला सर्वांत शुद्ध फ्रीज! पहिलं बक्षीस!' काय बक्षीस म्हणता? वर्षभर, दर महिन्याला, दहा पेट्या गोड पाणी! 'घरच्यांसाठी, कंपनीच्या वतीनं, आरोग्यदायी शुभेच्छांसह!' साहेबांना फोन लावला, तर म्हणले, 'काका, बक्षीस मुंबईचं ऑफिस ठरवतं, माझ्या हातात काही नाही… ताक आहे का हो?'

आता बक्षीस फ्रीजात ठेवायला लागतंय, एकेक बाटली उचलून मोजायला येत्यात. फ्रीज वरपासनं खालपर्यंत गच्च. डाळीला जागा न्हाय, ताकाला जागा न्हाय, आणि मल्लव्वाचं औषध? ते बघा, त्या मडक्यात. चोवीस तास. मी दर घंट्याला उठतो आणि फडक्यावर पाणी मारतो. काय करता पावणं? फ्रीज कंपनीचा, लाईट सरकारची… आपली म्हणायची ती शुगर तेवढी! बरं, तुम्ही काय घेणार, थंड? फुकट हाय!