मास्तरांची तिरकी मान

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी, बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ शिकणारी एक मुलगी खेळायची लांब काठी, म्हणजे क्यू, घेऊन बसली होती. तिचे मास्तर डोळे तपासून घेऊन बाहेर आले आणि तिच्याजवळ टेकले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उजव्या डोळ्याने मला जवळपास काहीच दिसत नाही. लहानपणापासून, म्हणे."

"आणि तुम्हाला पत्ताच नाही?"

"डाव्याने दिसत होतं की. कशाला चौकशी करू?"

"मास्तर, काल मी तीन चॅम्पियनचे व्हिडिओ पाहिले. एक जण क्यू मागे नेऊन क्षणभर थांबतो. दुसरा थांबतच नाही. तिसऱ्या एक बाई आहेत, त्यांचा हात तर बाहेरून वळसा घेऊन येतो."

"ज्याची त्याची पद्धत."

"हो, पण क्यू तिघांच्याही हनुवटीखाली, बरोबर मध्ये. मान तिरकी करून डाव्या डोळ्याखाली क्यू धरणारे फक्त तुम्ही."

"आणि तू."

"मी तुमचं बघूनच शिकले. सहा वर्षं. मला वाटलं, त्यात काहीतरी गुपित असेल."

"मलाही तसंच वाटायचं."

"मान आखडली की तुम्ही म्हणायचात, सवय होईल."

"झाली ना?"

"तीच तर पंचाईत आहे. सकाळी मान सरळ ठेवून खेळले, तर एकही बॉल पॉकेटमध्ये जाईना. तिरकी ठेवली, तर दहातले सात जातात. रविवारी फायनल आहे, मास्तर."

"मग आता मान बदलू नकोस."

"सातावर फायनल जिंकता येत नाही. तुमचे दहाच्या दहा कसे जातात?"

मास्तरांनी तिच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"तुला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं?"

"दिसतं."

"तिथेच चुकतंय. उजवा मिट."