बुटक्या छपराची गाडी

अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरात एका हॉलमध्ये हाताने जोडलेल्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांच्या स्पर्धेची नावनोंदणी चालली होती. रांगेत, आपली गाडी घेऊन आलेल्या नॉर्माबाईंच्या पुढे दोघे म्हातारे भाऊ उभे होते, दोघांत मिळून प्लॅस्टिकची एक लाल हॉट रॉड, म्हणजे कापून-रंगवून नटवलेली जुन्या धाटणीची मोटार, घेऊन.

"दादा, फॉर्मवर नुसतं तुझं नाव घाल."

"आणि दारावरच्या ज्वाळा कोणी रंगवल्या? माझा हात थरथरतो, ग्लेन. खोटं लिहिणार नाही."

"पण छप्पर कापून बुटकं केलंस तूच."

"मग दोघांचं घालू."

"दोघांचा गट फक्त बापलेकांसाठी आहे. चल घरी."

"वर्षभर खपलो ते घरी जायला? आण पेन."

"काय लिहितोस?"

"बाप मी."

"अरे, नऊच वर्षांनी मोठा आहेस!"

"आपला बाप घर सोडून पळाला, तेव्हा तुला जेवायला कोण घालत होतं?"

"तू."

"मग कर इथे लेकाची सही."