वय थांबलेला माणूस

नाही, बसणार नाही मी. अन् चहा तर मुळीच नको — घर आमचं, वरच्या खोलीत तुम्ही किरायानं राहता, अन् चहाचं मलाच विचारता? माझी चादर द्या आधी. हौ, तीच, रविवारी गच्चीवर पडदा म्हणून बांधलेली. मीच दिली होती, पोरांना सिनेमा दाखवतो म्हणालात म्हणून. मला वाटलं, हत्ती-ससे असतील काहीतरी. तुम्ही काय दाखवलंत, कौस्तुभभाऊ? विज्ञानाचा सिनेमा म्हणे! कसलं विज्ञान त्यात? तीस वर्षांचा बाप्या यानात बसून चालला, शेजारची आठ वर्षांची पोरगी रडतेय, तर हा तिला सांगतो, तू मोठी हो, मी येतो. वर आभाळात त्याचं वय थांबतं, इकडं ही वाढते, परत येतो तेव्हा दोघं सारखी — की लग्न! अन् पोरं टाळ्या वाजवतात. त्याच्या आदल्या रविवारी तो दुसरा, शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला चिठ्ठ्या लिहिणारा. तुम्हाला दुसरं काही सापडत नाही का?

हसू नका. हौली, खुळी समजू नका मला. सातवी शिकलेय, जामबागच्या शाळेत, गणितात पहिली यायची. तेवढा हिशोब मला येतो. माझ्या श्रुतीचे बाबा — हिम्मतराव — माझे सख्खे मामा आहेत, माझ्या आईचे भाऊ. असे डोळे मोठे करू नका, तुमच्या पुण्यात चालत नसेल, आमच्यात चालतं. मी नऊची होते, ते अठ्ठावीसचे. अफझलगंजच्या दुकानातून यायचे, येताना माझ्यासाठी बांगड्या आणायचे, अन् बाया म्हणायच्या, राणी, तुझा नवरा आला गं, पाणी दे. मी पळत जाऊन द्यायची. आज मी अठ्ठावीसची अन् ते सत्तेचाळीसचे. कुणाचं थांबलं वय? कुठलं यान उतरलं आमच्या दारात? वाईट नाहीत हो ते, कधी हात उचलला नाही, मुलीला जपतात — हे मी तुम्हाला कशाला सांगतेय — फक्त आठवीला मुलं-मुली एका वर्गात बसतात, आता पुरे शाळा, हे त्यांनीच सांगितलं होतं. नवरा म्हणून नाही, तेव्हा नवरा कुठं होते. मामा म्हणून सांगितलं. कोण नाही म्हणणार?

मग आज मी का चढून आले? खाली माझी आई आलीय, अन् माझा धाकटा भाऊ विकास. विकास चोवीसचा, माझी श्रुती नऊची. आता कळलं? अहो, लग्न आत्ता नाही, ते अठरा झाल्यावरच, आम्हालाही कायदा ठाऊक आहे — आज फक्त सुपारी फोडायची, शब्द द्यायचा. ताट मांडून झालं, अन् आई गमतीनं म्हणाली, काय गं श्रुते, तोवर मामा म्हातारा होईल की तुझा? तर कार्टी काय म्हणाली — नाही आजी, मामाचं वय थांबेल, माझं वाढेल, मग आम्ही सारखे होऊ! सगळे पोट धरून हसले. विकास लाजला. कुणी शिकवलं तिला हे? मी नाही. तुम्ही!

गोष्ट असते नुसती, म्हणता? बरं. मग एक सांगा. मीही बघितलाय तो यानाचा सिनेमा, जिन्याच्या दारात उभी राहून, हातात वाळलेले कपडे घेऊन. शेवटी ती बाई स्वयंपाकघरात त्याच्यावर ओरडत होती, बशी आपटली तिनं — अन् तुम्ही तेवढं पुढं पळवलंत. पोरं कंटाळली म्हणे. मला इंग्रजी येत नाही, बाकीचं तुम्ही पोरांना मराठीत सांगत होतात, पण तिचं तोंड मला कळत होतं. काय म्हणत होती ती? — आठवत नाही कसं? आठवा. मी उभी आहे — काय? ‘मी आठ वर्षांची होते, मी कसलं वचन देणार?’ — असं म्हणाली? तोंडावर म्हणाली त्याच्या? — अन् हेच पळवलंत तुम्ही! ते यान दाखवलंत, ते चांदणं दाखवलंत, गळ्यात पडणं दाखवलंत, अन् नेमकं हेच... माझ्या पोरीनं ऐकलं असतं हो. एवढं एक तरी ऐकलं असतं.

काय म्हणालात? मी आई आहे, मीच नाही म्हणू? वा! अहो, मीच हौ म्हटलंय! गेल्या महिन्यात. सुपारीसुद्धा मीच आणली, निवडून, किडकी नको म्हणून. विकास निर्व्यसनी आहे, तारनाक्याला रेल्वेत लागलाय, पोरगी डोळ्यांसमोर राहील. परक्या घरचं कोण कसं निघेल, कुणी सांगावं? मला सगळ्याची भीती वाटते — शाळेच्या बसची, रिक्षावाल्याची, तिला साधा खोकला झाला तरी — वाटलं, एवढी एक भीती तरी मिटेल. अन् मग ती ते बोलली, अन् हसली — मी अशीच हसायची. बांगड्या घालून, अश्शीच.

आता तुम्ही काही बोलू नका. चादर ठेवा, नको मला ती. पण उद्यापासून गच्चीला कुलूप, अन् पोरांना बोलवायचं नाही — थांबा जरा. खालून हाक आली. ऐकलंत? ‘राणी, मुहूर्त टळतोय’ म्हणतायत.

आले, मामा! येतेय — पण मी आल्याशिवाय त्या सुपारीला हात लावू नका कुणी, मला बोलायचंय, सगळ्यांसमोर —

काय? असे काय बघताय माझ्याकडं?

जाते मी खाली. दार लावून घ्या.